जिवाचा शिंपी

मास्तर कोणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. आपलं दुकान बरं, आपली कात्री बरी, असा माणूस. पण सभागृहाच्या भिंतीवरचं एक पोस्टरच त्यांच्या वाटेत येऊन उभं राहिलं, त्याला ते तरी काय करणार?

मास्तर म्हणजे टेलरमास्तर, शाळेतले नव्हेत. शाळेशी त्यांचा संबंध फक्त गणवेशापुरता. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणायची. त्यांनीही कधी कोणाला बाराखडी शिकवलेली नव्हती, पण मास्तरांना मात्र रोज काही ना काही शिकवल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे.

तर ते पोस्टर होतं घागरबाईंचं. रिकाम्या पितळी घागरीवर टिचकी मारली की जो नाद निघतो आणि निघाल्यावर बराच वेळ घरातल्या घरात फिरत राहतो, तसा त्यांचा आवाज. म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. खरं नाव सरकारदरबारी असेल तेवढंच. हातात एकतारी धरून त्या जुनी गाणी म्हणत, त्यांच्या आईने म्हटलेली, आईच्या आईने म्हटलेली. आता त्यांचं वय झालं होतं, गाणं कमी झालं होतं, आणि म्हणून सभागृहाला त्यांचा सत्कार करायची आठवण झाली होती. सत्कार हा असाच असतो. बोलणारा बोलायचा थांबला की हार तयार.

मास्तरांचं आणि घागरबाईंचं नातं काय, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढच्या सगळ्या गोष्टीला वाचक वेडेपणा म्हणेल. मिसरूड फुटायच्या वयात मास्तर एका दुकानात काज करायला बसत. बरोबरीची पोरं चेंडू खेळत आणि जाता-येता विचारत, "काय रे सुई, दोरा कुठाय?" एक दिवस समोरच्या चहावाल्याच्या रेडिओवर गाणं लागलं:

उन्हं तापली माथी गं, वाट उन्हात उन्हात,
माझ्या जिवाचा शिंपी गं, कोण दूरच्या गावात?

मास्तरांचा हात थांबला. गाण्यात राजे असतात, शिपाई असतात, गुराखी असतात, नावाडी तर असतोच असतो. पण शिंपी? शिंप्याला आजवर कोणी गाण्यात घेतलं नव्हतं. आणि ही कोण कुठली बाई, इतक्या लांबून विचारत होती, माझ्या जिवाचा शिंपी कुठे आहे म्हणून! मास्तरांना वाटलं, आपण ज्या गावात बसलोय तेही कुठून तरी दूरचंच असणार. सुई बोटात शिरली, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा थेंब पडला आणि मालकाने कानाखाली आवाज काढला. तोही घागरीसारखाच निनादला म्हणतात.

पण त्या दिवसापासून 'काय रे सुई' म्हटलेलं मास्तरांना लागेनासं झालं. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पाटीवर नाव घातलं, 'जिवाचा शिंपी'. पाटी रंगवणाऱ्याने दोनदा विचारलं होतं, "नक्की?" मास्तर म्हणाले, "नक्की." त्या पाटीमुळे एकदा एक माणूस हात कापला म्हणून टाके घालून घ्यायला आला होता. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दवाखान्याचा रस्ता दाखवला. नाव बदललं नाही.

एवढं झालं नातं. आता पोस्टर.

पोस्टरवर सगळ्या गावाला घागरबाईंचा चेहरा दिसला. मास्तरांना दिसलं ते भलतंच. बाईंच्या हातात एकतारी होती, आणि तिचा भोपळा उशीच्या अभ्र्यात होता! वर नाडीची गाठ. अभ्र्यावर फुलंसुद्धा होती, धुऊन धुऊन विटलेली.

घरी येऊन मास्तर जेवेनात.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"उशीचा अभ्रा."

"कुणाचा?"

"एवढी मोठी बाई, सगळा मुलूख तिला ओळखतो, आणि तिच्या एकतारीला नीट गवसणी नाही. या मुलखात काय शिंपी मेलेत?"

"अहो, एक आहे जिवंत. त्याचं ताट निवतंय."

पण मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. गवसणी म्हणजे वाद्याचा अंगरखा. एक पिशवी, एक नळी, एक नाडी. एका दुपारचं काम. "एका दुपारचं काम" हे शब्द मास्तरांनी उच्चारले आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

पहिली अडचण मापाची. माप नसेल तर शिंपी आणि आंधळा यांत फरक काय? दुसऱ्या दिवशी मास्तर स्टूल घेऊन सभागृहापाशी गेले, स्टुलावर चढले, गळ्यातली टेप काढली आणि पोस्टरला लावली. पहारेकरी धावत आला.

"ओ काका! काय चाललंय?"

"माप घेतोय."

"कुणाचं?"

"बाईंचं," मास्तर म्हणाले, आणि जीभ चावून पुढे म्हणाले, "बाईंच्या वाद्याचं."

पुढचे शब्द कोणी ऐकले नाहीत. चांगलं बोलायला माणसाला दोन वाक्यं लागतात, वाईट ऐकायला लोकांना एकच पुरतं. मास्तर स्टूल घेऊन घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, की म्हातारपणी मास्तर भिंतीवरच्या बाईचं माप घेताना सापडले. मास्तरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"काय निघालं मग? बत्तीस की चौतीस?"

मास्तरांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही. मान दुखावला की ते चहा सोडत. दुपारपर्यंत.

दुपारी वकील आले. हे वरच्या मजल्यावर राहत. वकिली त्यांनी कधी केली नव्हती. कोर्टात दाराशी उभं राहून नावांचा पुकारा करायची नोकरी होती, पण जन्मभर वकील ऐकून ऐकून त्यांच्या तोंडाला ती भाषा चिकटली होती. हळू बोलणं मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

"मुद्दा असा," वकील पुकारले, "की पोस्टर मोठं असतं. पोस्टरवरचं माप ग्राह्य धरता येत नाही. प्रमाण काढा! पोस्टरवर अंगठा दिसतो, भोपळा दिसतो. अंगठ्याच्या किती पट भोपळा, ते बघा. मग खऱ्या अंगठ्याला तितक्या पटीने गुणा."

"खरा अंगठा कुणाचा आणायचा?"

"कुणाही समवयस्क स्त्रीचा."

मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवालीचा अंगठा घ्यायचं ठरलं. ती वयाने साधारण घागरबाईंएवढीच असावी. भाजीवालीने अंगठा दिला आणि सगळा मामला ऐकून वर म्हणाली, "अहो भाऊ, अंगठे कसले मोजताय? एकतारीचा भोपळा तो भोपळाच ना? माझ्याकडे ढीग पडलाय. त्या मापाचा एक घेऊन जा, त्याला शिवा, झालं!"

ही या सबंध प्रकरणातली एकमेव शहाणी सूचना. म्हणूनच तिचा सगळ्यात जास्त घोटाळा झाला.

मास्तरांनी माप लावून एक सुबक भोपळा आणला. त्याला वरून पडद्याची दांडी बांधली. झाली एकतारी. तिला मधोमध टेबलावर ठेवून त्यांनी कापडाची शोधाशोध सुरू केली. कोणाच्या तरी सोफ्याची गडद जांभळी मखमल दुकानात उरलेली होती. उरलेलं कापड परत करायचं की नाही, हा शिंप्याच्या धर्मातला फार नाजूक प्रश्न आहे, त्याची चर्चा इथे नको. बाहेरून मखमल ठरली. आतून मऊ सुती अस्तर हवं, लाकडाला ओरखडा येऊ नये असं. नव्या सुताला तो मऊपणा नसतो. मास्तर बोहारणीसारखे कपाट उपसत बसले, तेव्हा मास्तरीणबाईंनी न बोलता आपली एक जुनी साडी आणून त्यांच्या मांडीवर टाकली. इतकी वापरलेली, की हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटू नये.

"ही? ही तर तुझी..."

"हो, तीच. कात्री चालवा, बोलू नका."

मास्तर अस्तर बेतून, हात धुऊन परत आले तर टेबलावर नुसती पडद्याची दांडी.

"भोपळा कुठाय?"

"चुलीवर."

"अगं, ते माप होतं!"

"मला काय माहीत? भोपळा आणला, धुऊन पुसून ठेवला, मला वाटलं आज उपरती झाली. घरात भोपळ्याला कपडे शिवतात हे मला आईने सांगितलं नव्हतं."

मास्तरांनी माप जेवून टाकलं. चांगलं झालं होतं, असं नाइलाजाने म्हणालेही. दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडे त्या अंगाचा भोपळा उरला नव्हता. जो मिळाला तो पहिल्याचा थोरला भाऊ दिसत होता. "थोडं सैल बरं," वकील पुकारले, "वाद्यालाही श्वास लागतो." मास्तरांनाही ते पटलं. गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिलं की शिंपीही असंच म्हणतो.

गवसणी शिवायला लागल्यावर गल्ली लोटली. पाणपोईवर बसावं तसे लोक दुकानाच्या पायरीवर बसू लागले. चेन लावा. चेन नको, अडकते, बटणं लावा. खांद्याला पट्टा हवाच. एक खिसा करा, औषधाच्या गोळ्या ठेवतील. चष्म्याचा वेगळा. मास्तरांनी दोन्ही खिसे केले, कारण नाही कसं म्हणायचं हे त्यांना आयुष्यात फक्त एकदाच जमलं होतं, पाटी रंगवणाऱ्यासमोर. एकाने तर चाकं लावा म्हटलं. त्याला पायरीवरून उठवण्यात आलं.

शेवटी मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "वर मी नाव घालणार आहे. जरीच्या दोऱ्यात. 'जिवाचा शिंपी'. म्हणजे बाईंना कळेल, गाण्यातला तो दूरच्या गावातला माणूस हा इथे आहे. बसलाय. इतकी वर्षं."

वकील छताकडे बघू लागले. भाजीवालीला आठवलं की हातगाडी उघडी पडलीय. दाराशी उभ्या मास्तरीणबाई आत निघून गेल्या. मास्तरांना वाटलं, सगळ्यांना गहिवरून आलं.

मखमलीवर हाताने अक्षरं भरणं खायचं काम नाही. लव सरकते, टाका बुडतो. मास्तरांची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती. तरी अक्षरं अशी उठली, की वकिलांनीही दोन क्षण आवाज खाली आणला.

आता ती बाईंच्या हातात द्यायची कशी? मास्तर सभागृहाच्या कचेरीत गेले. व्यवस्थापक भला माणूस होता, नियमाबाहेर मात्र त्याला काही दिसत नसे.

"भेटवस्तू स्वागत विभागाकडे द्यायची. काय आहे ही?"

"गवसणी."

"म्हणजे वस्त्र की वाद्य?"

"वाद्याचं वस्त्र."

व्यवस्थापकाने पेन खाली ठेवलं. "असं दोन्हीकडे पाय ठेवून चालणार नाही. वस्त्र असेल तर स्वागत विभाग. वाद्याचा भाग असेल तर ध्वनी विभाग."

स्वागत विभागातला कारकून म्हणाला, आम्ही माणसांची वस्त्रं घेतो, वाद्यांची नाही. ध्वनी विभागात जा. ध्वनी विभाग म्हणजे रंगमंचामागची वायरींनी भरलेली खोली. तिथला ध्वनीवाला कानांना यंत्र लावून बसला होता. त्याने मास्तरांना हाताने बसा म्हटलं आणि रेकॉर्डिंगची कळ दाबली.

सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून घागरबाई गाऊ लागल्या. तेच जुनं गाणं. पण मास्तरांनी ते असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं ते चहावाल्याच्या घरघरत्या रेडिओवर, नंतर घासून घासून चपटलेल्या कॅसेटवर, आणि तेही पायाखाली शिलाईमशीन खडखडत असताना. इथे बाईंचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येत होता. मास्तरांनी डोळे मिटले. आणि एकदम उघडले.

"थांबवा! तुमच्या कर्ण्यात बिघाड आहे."

"कुठे?"

"'चा'चा 'ला' होतोय. 'जिवाचा शिंपी' म्हणतात त्या. तुमचं यंत्र 'जिवाला' म्हणतंय."

ध्वनीवाल्याने बटणं फिरवली. "आता?"

"'ला'."

डावा कर्णा बंद केला, उजवा ठेवला. "आता?"

"'ला'च."

खर्ज कमी केला, टीप वाढवली, मास्तरांच्या कानांना स्वतःचं यंत्रसुद्धा लावून दिलं. मास्तर ऐकत राहिले. मग यंत्र हळूच काढून त्यांनी परत दिलं.

"पण मग 'जिवाला शिंपी', याचा अर्थ काय होतो?"

"शिंपते हो. पाणी शिंपते. जुन्या गाण्यात करी, धरी असतं ना? तसं शिंपी. ऊन तापलंय, जीव सुकलाय, दूरच्या गावात कोण आहे जे माझ्या जिवाला पाणी शिंपतंय, असं." तो सहज म्हणाला. "ती पिशवी काय आहे?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

भ्रमाचा भोपळा फुटतो, असं आपण म्हणतो. पण तो किती वर्षं जपलेला होता आणि त्याला किती मखमल लावली होती, हे कोणी विचारत नाही.

घरी येऊन मास्तर पाटावर बसले. गवसणी मांडीवर.

"'चा' नाही," ते म्हणाले. "'ला' आहे."

मास्तरीणबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि तेवढ्यावरून मास्तरांना कळलं.

"तुला माहीत होतं?"

"हं."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. माझी मावशी म्हणायची ते गाणं."

"वकिलांना?"

"हं."

"म्हणजे सगळ्या गल्लीला?"

"गल्लीचं काय घेऊन बसलात? पाटी रंगवणारा घरी येऊन मला विचारून गेला होता, वहिनी, मास्तर चुकतायत, काय करू? मी म्हटलं, ते सांगतात तसं रंगव."

मास्तरांचा चेहरा असा झाला, की मास्तरीणबाईंनी भाजी बाजूला सारली.

"उभी गल्ली माझ्यावर हसत आली म्हणजे."

"हसलं असतं कुणी, तर तुमच्या कानावर आलं नसतं? या गल्लीत कुणाच्या पोटात काही राहतं का? एवढी एकच गोष्ट राहिली."

"पण मला सांगायला काय झालं होतं?"

"अहो, ते गाणं म्हणत तुम्ही मशीन चालवायचात. गिऱ्हाईक नसलं की, पोरीच्या तापात, तुमचा बाप गेला त्या वर्षी. मी आतून ऐकायची. मशीन चाललंय, गाणं चाललंय, म्हणजे ठीक चाललंय. ते मी एका अक्षरासाठी बंद पाडायचं?"

मास्तरांनी ब्लेड घेतलं आणि 'चा'चा पहिला टाका कापला. मग दुसरा. पण मखमल मोठी कजाग. जरीचा दोरा निघाला, तरी जिथे जिथे सुई गेली होती तिथे लव दबलेलीच राहिली. 'चा' गेला आणि 'चा'ची सावली राहिली. उजेडात धरलं की आधीपेक्षा जास्त दिसे.

"मी जात नाही कार्यक्रमाला," मास्तर म्हणाले. "त्यांनी मला कधी हाक मारलीच नव्हती. मी उगाच इतकी वर्षं 'ओ' देत बसलो."

"बरं. मग मी जाते."

"तू कशाला?"

"माझी साडी आहे आत. ती कुठे जातेय ते मी बघणार."

संध्याकाळी दोघंही गेले.

गवसणी वस्त्र की वाद्य, हे शेवटपर्यंत न ठरल्यामुळे व्यवस्थापकाने त्यांना ना पाहुण्यांच्या दारातून सोडलं ना प्रेक्षकांच्या. उरलं रंगमंचामागचं छोटं दार. तिथून आत शिरले, तर समोर मोडक्या खुर्चीवर घागरबाई एकट्याच बसलेल्या. त्यांचा सत्कार करायचा म्हणून सगळे बाहेर मंत्र्यांची वाट बघत होते.

मास्तरांना वाटलं होतं त्यापेक्षा बाई फारच लहान होत्या. पोस्टरचा दोष. मांडीवर एकतारी, उशीच्या अभ्र्यात. मास्तरीणबाईंनी मास्तरांच्या पाठीत बोट खुपसलं.

"बाई," मास्तर कसेबसे म्हणाले, "तुमच्या एकतारीला गवसणी आणलीय."

"माझ्या?" बाईंनी हात पुढे केले. बोलतानाचा त्यांचा आवाज अगदी साधा, थोडा घोगरा होता. मखमलीवरून त्यांनी हात फिरवला, आत घालून अस्तर चाचपलं, आणि मास्तरीणबाईंकडे बघून हसल्या. बायकांना साडी ओळखू येते. मग अभ्र्याची गाठ सोडून त्यांनी एकतारी आत घातली.

एकतारी आत गेली ती गेलीच. बाई कोपरापर्यंत हात घालून तिला शोधू लागल्या.

"अगं बाई, यात तर मीसुद्धा मावेन!"

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "माप... माप चुकलं. भोपळा... म्हणजे पहिला भोपळा बरोबर होता, पण तो हिने..."

"माझं नाव घेऊ नका," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"राहू द्या हो, राहू द्या. थंडीत पांघरीन." बाईंनी एकतारी बाहेर काढून मांडीवर ठेवली आणि डोळे बारीक केले. "वर काय लिहिलंय? चष्मा नाही जवळ."

आता खोटं बोलायची सोय होती. मास्तरीणबाईंनी तर तोंडही उघडलं होतं. पण मास्तरच म्हणाले, "'जिवाचा शिंपी' लिहिलं होतं. मी तसं ऐकलं होतं, लहानपणी. मी शिंपी आहे. मला वाटलं, तुम्ही... मग कळलं, तिथे 'ला' आहे. 'चा' उसवून टाकला. पण खूण जात नाही."

बाईंनी त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"'ला'च आहे," त्या म्हणाल्या. "आई तसंच म्हणायची."

"हो," मास्तर म्हणाले.

"पण तुम्ही शिंपी आहात ना? खरेखुरे?"

"हो."

"मग गाणं जाऊ द्या, आधी ही बाही बघा. बसमधून उतरताना दांडीला अडकली." बाईंनी हात जरासा उचलला. काखेपासून शिवण उसवत खाली आली होती. "मी तेव्हापासून हात दाबून बसलेय. हात वर केल्याशिवाय मला वरचा सूर लागत नाही, आणि इथे सांगायचं कुणाला? सगळे पुरुष, सगळ्यांच्या हातात हार."

मास्तरांची पाठ ताठ झाली. त्यांनी कॉलरच्या आतून सुई काढली. खिशात दोरा होता तो मखमलीचा, जांभळा. चोळी हिरवी. हिरव्या कापडाला जांभळा दोरा! असलं पाप त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. दोन वेळा त्यांनी दोरा उजेडात धरून पाहिला, तो हिरवा व्हायला तयार नव्हता.

"अहो, शिवा!" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ती अवाढव्य गवसणी दोन्ही हातांनी पसरून पडद्यासारखी धरली. बाहेर मंत्री आल्याचा गलका झाला. व्यवस्थापक आत डोकावला.

"काय चाललंय? मागे कोण आहे?"

"बाईंचा शिंपी," मास्तरीणबाई पडद्यापलीकडून म्हणाल्या. "दार लावा."

त्याने दार लावलं.

पहिला टाका लागला, दुसरा लागला, आणि हाताला काम कळलं. उलटा टाका, दुहेरी दोरा, काखेत थोडी ढील, म्हणजे हात उचलला तर ताण शिवणीवर येणार नाही. बाई डोळे मिटून स्थिर बसल्या होत्या. सुई टोचेल म्हणून त्या श्वासही जपून घेत होत्या. टोचली नाही. मास्तरांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडायची सवय, पण इथे तो बोटानेच तटकन तोडला.

"हात वर करून बघा."

बाईंनी हात अर्धवट वर केला. "पुरता तिथे जाऊन करते," त्या म्हणाल्या, आणि एकतारी घेऊन उठल्या. दाराशी वळून त्यांनी काहीतरी म्हटलं, पण बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

भाषणं झाली. हार झाले. मग दिवे मंद झाले आणि घागरबाई गायला लागल्या. मास्तर आणि मास्तरीणबाई आतल्या बाजूला, पडद्याच्या कडेला उभे होते. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. घागरीला पोचे पडले होते. पण नाद होता, आणि तो त्या मोठ्या खोलीत फिरायला लागल्यावर पुढच्या रांगेतल्यांनी फोन खाली ठेवले. दुसरं, तिसरं गाणं झालं. मग एकतारीची तार वेगळी छेडली गेली, आणि मास्तरीणबाईंनी मास्तरांचा हात धरला.

उन्हं तापली माथी गं...

बाईंचा हात हळूहळू वर जाऊ लागला. खांद्यापर्यंत. खांद्याच्या वर. दुसरी ओळ उचलताना तो पार डोक्यावर गेला, बोटं ताठ, आणि सूर त्याच्याही वर. सभागृहात कोणी हललं नाही. सूर तिथे बराच वेळ राहिला. मग हात सावकाश खाली आला, आणि मास्तरांनी इतका वेळ कोंडून धरलेला श्वास सोडला.

टाळ्या थांबेपर्यंत मास्तरीणबाईंना धीर नव्हता. त्या कानाशी लागल्या.

"अहो, काय म्हणाल्या? त्या सुरात मला नीट कळलं नाही. 'ला' म्हणाल्या की 'चा'?"

"कोण जाणे," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "मी बाही बघत होतो."